घरात जुनं रिव्हॉल्व्हर आहे आणि परवानाधारक गेले : पुढे काय करायचं?

वस्तू वारशाने येते, परवाना येत नाही. हा सगळा लेख या एका वाक्याभोवती आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

वडिलांचं वेब्ली कंपनीचं रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर झालं. त्याआधी ते आजोबांचं होतं. त्या काळात डॉक्टर, वकील, इनामदार, ऊसबागायतदार, जंगलाचे ठेकेदार अशा पुष्कळ घरांत एखादं इंग्लिश किंवा बेल्जियन हत्यार असायचं. रात्रीबेरात्री व्हिजिटला जायचं, हंगामात घरात रोकड असायची, वाडा गावाबाहेर असायचा. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर सामान्य माणसासाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली. नवीन घ्यायचं तर सरकारी आयुधनिर्माणीचं, नाहीतर आहे तेच सांभाळायचं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे आजही स्वसंरक्षणाच्या परवान्यावर आहेत, ती यामुळे. दुसऱ्या देशात ती काचेच्या कपाटात गेली असती.

मूळ धारक गेला की घरच्यांना काहीच सुचत नाही. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत कुणीतरी म्हणतं, "ते कपाटातलं राहू दे तिथेच, नंतर बघू." तिथूनच घोळ सुरू होतो.

१. पहिले काही दिवस : आधी कागद, मग शस्त्र

कपाट उघडून हत्यार हातात घेऊ नका. तुम्हाला ते हाताळता येत नसेल तर अजिबातच नको. ते भरलेलं आहे असंच धरून चाला, "बाबा कधी भरून ठेवत नसत" हे कितीही खात्रीने ठाऊक असलं तरी. पिस्तूल असेल तर आणखी एक लक्षात घ्या. मॅगझिन बाहेर काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही, एक गोळी नळीत बसलेली असू शकते. भाऊ सैन्यात आहे, मेव्हण्याला शिकारीचं कळतं, वगैरे उत्साह त्या दिवसांत बाजूला ठेवावा. कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली एकाच माणसाकडे द्या.

आता परवान्याची वही शोधा. जुन्या घरात ती शस्त्राजवळ कधीच नसते. बँकेच्या पासबुकांत, देवघराच्या खणात, जमिनीच्या उताऱ्यांच्या फाइलीत सापडते. वहीत पाहायचं ते एवढंच : परवाना कुणी दिला, कधीपर्यंत वैध होता, शस्त्राची नोंद काय आहे, काडतुसांची मर्यादा किती, आणि युआयएन म्हणजे राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक त्यावर आहे का. देशभरातले परवाने एकाच संगणकीय यादीत आणले गेले तेव्हापासून हा क्रमांक सक्तीचा आहे. वयोवृद्ध धारकांपैकी अनेकांनी तो घेतलाच नाही. तुमच्या वहीत तो नसेल तर लपवू नका, पहिल्याच अर्जात लिहा. पुढे कळल्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

वही आणि मृत्यूचा दाखला (तो हातात आला नसेल तर रुग्णालयाचा कागद) घेऊन आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जा. शस्त्र सोबत नेऊ नका. तुमच्या नावावर परवाना नाही आणि रस्त्यात गाडी अडवली तर समजावून सांगायला वडील नाहीत. ठाणे अंमलदाराला लेखी अर्ज द्या : अमुक परवानाधारकाचं अमुक तारखेला निधन झालं, शस्त्र घरी कुलूपबंद आहे, जमा करायचं आहे, कसं आणायचं ते सांगावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. बरेचदा एखादा हवालदार सोबत येतो किंवा ते तारीख देतात.

२. जमा करणं

शस्त्र कायदा, १९५९ चं कलम २१ सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण वेळ न घालवता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. धारकाचा मृत्यू ही तशीच परिस्थिती. विनापरवाना अग्निशस्त्र जवळ ठेवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आहे, शिवाय दंड. आठवण म्हणून ठेवलं होतं, हा त्यावर बचाव नाही.

ठाणं की विक्रेता? माझं मत विक्रेत्याच्या बाजूने आहे. ठाण्यात पैसे पडत नाहीत, पण मुद्देमाल खोलीत तुमचं रिव्हॉल्व्हर कापडी पिशवीत, लाखेच्या सीलमध्ये, कोयते आणि दारूच्या कॅनशेजारी राहतं. दोन पावसाळ्यांत नळीला गंजाचे खड्डे पडतात. विक्रेता महिन्याचं शुल्क घेतो, पण तेल लावून ठेवतो. ज्या तालुक्यात विक्रेताच नाही तिथे अर्थातच ठाणं. तेव्हा जमा करतेवेळी तिथेच जाणत्या माणसाकडून तेलाचा हलका हात फिरवून घ्या, आणि चामड्याच्या म्यानासकट देऊ नका. चामडं ओल धरतं.

पावतीवर या गोष्टी आहेत का ते तिथेच उभं राहून वाचा :

- कंपनीचं नाव, प्रकार (रिव्हॉल्व्हर की पिस्तूल) आणि बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप
- पूर्ण क्रमांक, त्याआधीच्या इंग्रजी अक्षरासकट
- काडतुसांची संख्या. रिकाम्या पुंगळ्या असतील तर त्या वेगळ्या
- शस्त्राची अवस्था, मुठीला तडा असेल तर तोही
- परवाना क्रमांक, तारीख, सही, शिक्का

"एक जुने रिव्हॉल्व्हर व गोळ्या" एवढ्यावर सही करून बाहेर पडू नका. एक कोल्ट देऊन दुसरंच काहीतरी परत घेतल्याच्या गोष्टी ऐकिवात असतात. खऱ्या-खोट्याचं सोडा, क्रमांक लिहिलेला असला की प्रश्नच उरत नाही.

३. आपल्याकडे नेमकं काय आहे?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. खरं तर पुढचं सगळं हिच्यावर ठरतं. पाहणी विक्रेत्याकडे, त्याच्याच हातून करून घ्या.

सगळ्यात आधी बोअर. आपल्या कायद्यात हातातल्या शस्त्रांचे दोन गट पडतात : प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर. .३८, .४५५ आणि ९ मिलिमीटर हे लष्कर-पोलिसांचे बोअर, म्हणून प्रतिबंधित. .३२, .२५, .२२ हे अप्रतिबंधित. अप्रतिबंधितचा परवाना तुमचे जिल्हाधिकारी जिल्हादंडाधिकारी या नात्याने देतात, आणि मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, ठाण्यासारख्या आयुक्तालयांत पोलीस आयुक्त. प्रतिबंधितची फाइल दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जाते. आजोबा फौजेतून निवृत्त होताना घेऊन आलेलं असेल तर ते प्रतिबंधित निघण्याची शक्यता मोठी. तिथे धीर धरावा लागतो, आणि विकून मोकळं होणंही सोपं नसतं, कारण घेणाऱ्याकडेही तसाच परवाना हवा.

आपल्याकडच्या कपाटांतून साधारण काय निघतं ते सांगते.

*वेब्ली अँड स्कॉट, .३२.* बर्मिंगहॅमचं, सहा गोळ्यांचं, मधून मोडणारं. वरची कडी दाबून नळी खाली केली की सगळ्या पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. गेल्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या दुकानांतून ही पुष्कळ विकली गेली. आपल्या आयुधनिर्माणीचं .३२ रिव्हॉल्व्हर याच घराण्यातलं आहे, त्यामुळे काडतुसांची अडचण येत नाही.

*वेब्ली किंवा एनफिल्ड, .३८.* दिसायला आधीच्याचा थोरला भाऊ. नळीवर .३८, त्यापुढे .७६७ आणि ३½ टन असा छाप असेल तर ते लष्करातून बाहेर विकलं गेलेलं आहे. .७६७ ही पुंगळीची इंचातली लांबी, टन म्हणजे चाचणीचा दाब. हे प्रतिबंधित.

*वेब्ली मार्क ६, .४५५.* पहिल्या महायुद्धातलं, १९१५ पासूनचं, किलोभराहून जड. यातल्या काहींचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या बसवायचं फिरतं नळकांडं, मागून घासून त्यात .४५ एसीपी काडतूस बसेल असं केलेलं असतं. असं शस्त्र चालवण्याचा विचारही करू नका. त्या काडतुसाचा दाब मूळ चाचणीच्या दाबाहून जास्त असतो.

*कोल्ट १९०३.* हातोडा आत लपवलेलं चपटं पिस्तूल, आठ गोळ्यांचं, .३२ एसीपी. जॉन ब्राउनिंगची रचना, १९४५ पर्यंत बनत होतं. अलाहाबादच्या संग्रहालयात चंद्रशेखर आझादांचं जे पिस्तूल ठेवलंय ते कोल्टच.

*एफएन ब्राउनिंग, १९०० किंवा १९१०.* बेल्जियमचं. 'ब्राउनिंग' हे नाव मराठी घरांत इतिहासाच्या पुस्तकातून पोचलेलं आहे. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली आणि २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या त्याच जातीच्या पिस्तुलातल्या. या नावामुळे एक नसता मोह होतो : आपल्या घरातलं ब्राउनिंगही 'ऐतिहासिक' असणार, मग परवाना कशाला? त्याबद्दल पुढे बोलते.

*स्मिथ अँड वेसनचं हातोडा न दिसणारं .३२.* मुठीच्या मागे पट्टी असते, ती दाबल्याशिवाय चाप ओढता येत नाही. अमेरिकेत याला 'लेमन स्क्वीझर' म्हणत. १८८० च्या दशकातली कल्पना, कोटाच्या खिशासाठी केलेली.

कधीमधी याहून विचित्र वस्तू निघते. पॅरिसच्या गालां नावाच्या बंदूककाराने सायकलस्वारांच्या अंगावर धावणाऱ्या कुत्र्यांसाठी काढलेलं ५.५ मिलिमीटरचं 'वेलो-डॉग', ज्याचा चाप दुमडून आत जातो. दोन नळ्यांचं रेमिंग्टन डेरिंजर, १८६६ ते १९३५ पर्यंत बनलेलं, तळहातात मावणारं. चालायच्या काठीत दडवलेली एकनळी. पाहुण्यांना दाखवायला गमतीच्या वस्तू, पण कायद्याने तीही अग्निशस्त्रंच. काठी कोपऱ्यात उभी आहे म्हणून तिला कुणी सूट देत नाही.

बोअर वाचताना होणारे घोटाळे. पिस्तुलावर '७.६५' कोरलेलं आणि परवान्यावर '.३२' लिहिलेलं, असं झालं तर घाबरू नका. ७.६५ ब्राउनिंग आणि .३२ एसीपी हे एकच काडतूस. मात्र ७.६५ पॅराबेलम हे निराळं, ल्युगर पिस्तुलाचं. म्हणजे नुसतं '७.६५' लिहून भागत नाही, पूर्ण नाव लिहून घ्या. तसंच '.३२' म्हटलं की रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग आणि पिस्तुलाचं .३२ एसीपी ही वेगवेगळी काडतुसं आहेत. दुसरं पहिल्याच्या जागी शिरतं म्हणून कुणीतरी चालवून बघतो. नका करू.

क्रमांक. जुन्या शस्त्रांवर आकडे बरेच असतात : पेटंटचे, जुळणीचे, एखाद्या पलटणीच्या रॅकचे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुण्या लेखनिकाने पेटंटचा आकडाच शस्त्राचा क्रमांक म्हणून वहीत उतरवलेला असू शकतो, आणि तोच प्रत्येक नूतनीकरणात पुढे आलेला असतो. वहीतला आणि लोखंडावरचा क्रमांक जुळत नसेल तर विक्रेत्याकडून लेखी पाहणी घ्या आणि अर्जासोबतच जोडा. माझ्या बाबतीत एका आकड्याचा फरक निघाला आणि फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर गेली. त्या कार्यालयातल्या बाईंनी समजून घेतलं, पण प्रत्येक टेबलावर समजूतदार माणूस भेटेलच असं नाही.

चाचणीचे शिक्के. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे मुकुटाखाली अक्षरं असलेले बारीक छाप पाहा. बीव्ही आणि बीपी हे तपासणीचे आणि चाचणीचे, एनपी म्हणजे आधुनिक धूरविरहित दारूसाठी तपासलेलं. १९०४ पासूनची ही पद्धत. एनपी नसलेलं इंग्लिश रिव्हॉल्व्हर काळ्या दारूच्या जमान्यातलं असू शकतं. आजचं काडतूस त्यात घालायचं नाही, कुणीही काहीही सांगितलं तरी.

"पण हे तर अँटिक आहे"

हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. कलम ४५ मध्ये सूट आहे ती अशा शस्त्राला, जे कालबाह्य बनावटीचं, पुरातन मूल्याचं किंवा मोडकं आहे *आणि* दुरुस्त करूनही चालू शकत नाही. तुमचं १९५२ चं वेब्ली नवी स्प्रिंग टाकली की धडधडीत चालतं. ते यात बसत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने 'क्युरिओ' म्हणजे दुर्मीळ, संग्रहाच्या गटातल्या छोट्या शस्त्रांना नुसतं जवळ ठेवण्यापुरती परवान्यातून सूट दिली, पण वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच. आपलं शस्त्र त्या गटात बसतं की नाही हे आपण घरबसल्या ठरवायचं नसतं. कार्यालयाला लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या, तोवर ते जमाच राहू द्या.

४. ठेवायचं का?

मनाला विचारा, आणि आठवणींना थोडा वेळ खोलीबाहेर बसवून विचारा.

स्वसंरक्षणासाठी म्हणून बघाल तर सत्तर वर्षांचं रिव्हॉल्व्हर ही फार चांगली निवड नाही. स्प्रिंगा थकलेल्या असतात. जुन्या अनेक रिव्हॉल्व्हरांत हातोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर नसतो, हातातून पडलं तर उडू शकतं. सुटे भाग मिळत नाहीत, कारागीर घासून बनवून देतो. नवीनच हवं असेल तर कानपूरची आयुधनिर्माणी .३२ ची रिव्हॉल्व्हरं बनवते. २०१४ मध्ये तिथूनच 'निर्भीक' आलं, साधारण ५०० ग्रॅमचं, स्त्रियांसाठी म्हणून जाहिरात केलेलं. गंमत म्हणजे वेब्लीचं नावही आता भारतात बनणाऱ्या .३२ वर दिसतं, उत्तर प्रदेशातल्या संडीला इथून.

घरात लहान मुलं असतील, कुणाला नैराश्याचा त्रास असेल, दारूचं प्रमाण जास्त असेल, तर ठेवू नका. यावर मी वाद घालणार नाही.

नको असेल तर दोन रस्ते. एक, विक्री : विक्रेत्याला किंवा योग्य परवाना असलेल्या व्यक्तीला. खाजगी व्यक्तीला विकताना जिल्हादंडाधिकारी किंवा ठाण्याला आधी लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. तुमच्या नावावर परवाना नसल्याने वारस म्हणून विल्हेवाटीची परवानगी आधी मागायची. आयात बंद असल्यामुळे चांगल्या अवस्थेतल्या जुन्या वेब्लीला, कोल्टला, वॉल्थरला इथे बाहेरच्या जगापेक्षा कितीतरी जास्त किंमत मिळते, म्हणून पहिल्या विक्रेत्याच्या पहिल्या आकड्यावर हो म्हणू नका. दोन, सरकारजमा : अर्ज द्या, पावती घ्या, विषय संपला. दुसऱ्या रस्त्याने गेलेल्या लोकांना लोक नावं ठेवतात. ठेवू देत.

ठेवायचं ठरलं तर पुढे चला. एका व्यक्तीच्या नावावर आता जास्तीत जास्त २ शस्त्रं राहू शकतात, वारशाने आलेलं धरून. आधीच दोन असतील तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावाने अर्ज करा. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं.

५. कागदपत्रं

प्रत्येक कार्यालयाची यादी थोडी वेगळी असते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या एमएजी म्हणजे दंडाधिकारी शाखेत किंवा आयुक्तालयाच्या परवाना विभागात जाऊन त्यांची छापील यादी आधी मागून घ्या. साधारण लागतं ते असं :

- नमुना ए-१ मधला अर्ज, ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत
- मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना
- वारस दाखला, किंवा कार्यालयाला चालत असेल तर वारसांचं प्रतिज्ञापत्र
- बाकीच्या सगळ्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, नोटरी केलेलं
- शस्त्र जमा केल्याची पावती
- ओळख, जन्मतारीख आणि रहिवासाचे पुरावे, फोटो
- शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला
- शस्त्र हाताळणी-प्रशिक्षणाचा दाखला. तो कुठून घ्यायचा ते त्याच शाखेत विचारा
- शस्त्र घरात कुठे, कसं कुलूपबंद ठेवणार याचं हमीपत्र
- उत्पन्नाचे कागद, शेती असेल तर सातबारा

यात सगळ्यात जास्त वेळ खातं ते ना-हरकत. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचीही सही लागते, परदेशातल्या भावाचीही. जमिनीवरून कुरबूर असेल तर ती नेमकी इथे वर येते. शस्त्राचा कागद जमिनीच्या वाटपाशी जोडू नका, वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर उरका.

६. अर्ज, आणि पडताळणी

अर्जात 'कारण' हा रकाना असतो. वारसाहक्क हे कारण लिहून थांबू नका. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसांना परवाना देण्याची तरतूद आहे, नियम २५, पण तो 'देता येईल' असा आहे, 'द्यावाच' असा नाही. बाकीची पात्रता तपासली जातेच. गावाबाहेरची वस्ती, व्यवसायाचं स्वरूप, पूर्वी घडलेला प्रकार आणि त्याची तक्रार, जे खरं असेल ते दोन-चार ओळींत लिहा. खोट्या धमक्या रचू नका. ठाण्यातून अहवाल जाताना तुमची एकही नोंद नसेल तर खोटेपणा लगेच उघडा पडतो.

मग फाइल ठाण्यात येते. हवालदार घरी येतात, शेजाऱ्यांना विचारतात, कपाट पाहतात. वरिष्ठ अधिकारी मुलाखतीला बोलावतात. "तुम्हाला कशाला हवंय? मिस्टरांच्या नावावर करा की," हे मला दोन वेगवेगळ्या टेबलांवर ऐकावं लागलं. उत्तर शांतपणे द्यायचं : मी वारस आहे, मी पात्र आहे, प्रशिक्षण मी घेतलंय. चिडलात तर चिडखोर माणसाला शस्त्र द्यावं का, हा प्रश्न तुम्ही स्वतःच त्यांच्या हातात देता.

नियमांप्रमाणे पोलिसांचा अहवाल ३० दिवसांत आणि त्यानंतर निर्णय ६० दिवसांत व्हायला हवा. प्रत्यक्षात फाइल कुठे आहे ते विचारत राहावं लागतं. आवक क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि तो सांगूनच विचारा, नाव सांगून नव्हे. फारच रेंगाळलं तर माहितीच्या अधिकारात साधा प्रश्न टाका : माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली? एजंट मात्र टाळा. आतल्या ओळखीचं सांगून पैसे घेणारे भेटतात, आणि त्यांच्या हातून जोडलेला एखादा खोटा कागद आयुष्यभर तुमच्या फाइलीत राहतो.

नकार आला तर कारणांसह लेखी आदेश मागा. कलम १८ खाली अपील करता येतं, कुणाकडे आणि किती दिवसांत ते वाचून लगेच वकिलाला दाखवा. मुदत लहान असते.

७. परवाना हातात आल्यावर

वहीतला क्रमांक, बोअर, काडतुसांची मर्यादा, वैधतेचं क्षेत्र आणि तारीख तिथेच ताडून पाहा. मुदत आता ५ वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज संपण्याच्या दोन-तीन महिने आधी टाका.

जमा केलेलं शस्त्र सोडवलंत की घरी नेण्याआधी परवाना असलेल्या कारागिराकडून तपासून घ्या. सिलिंडर डुगडुगतं का, कडी नीट बसते का, नळी आतून कशी आहे. गावातल्या लोहाराकडून किंवा वर्कशॉपमधून दुरुस्ती करवणं हा स्वतंत्र गुन्हा होतो. वडिलांची जुनी काडतुसं वापरू नका. हिरवट डाग पडलेली तर नाहीच. ती विहिरीत टाकणं, शेतात पुरणं हेही नाही, विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात नोंद करून द्या. नवी घेताना पुंगळीच्या बुडाचा छाप बघा. केएफ म्हणजे आपल्या पुण्याजवळची खडकी.

जुनं रिव्हॉल्व्हर जवळ बाळगायचंच असेल तर हातोड्यासमोरचं घर रिकामं ठेवा. सहाचं रिव्हॉल्व्हर पाचचं समजायचं. सार्वजनिक जागी ते म्यानात, पूर्ण झाकलेलं हवं. कमरेला लावून शर्ट वर करणं, लग्नात दाखवणं, मोबाइलवर रील टाकणं, यातल्या कशानेही परवाना जाऊ शकतो. वरातीत हवेत गोळी झाडण्याला २०१९ पासून वेगळी शिक्षा आहे : २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि परवाना म्हणजे गोळी झाडायची मुभा नव्हे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, त्याच्या मर्यादाही तिथेच आहेत. चोर पाठ फिरवून पळत असेल तर त्या मर्यादा तुमच्या बाजूने फारशा उरत नाहीत. ही कलमं एकदा वकिलासोबत बसून वाचाच.

घरात ठेवताना शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर पावसाळ्यात पंधरा दिवसांनी बाहेर काढून पुसा, तेलाचं बोट फिरवा, ओल शोषणाऱ्या पुड्या बदला. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातून जमा करण्याची नोटीस येऊ शकते. तेव्हाही पावती तशीच वाचून घ्यायची, आणि निकालानंतर स्वतः जाऊन सोडवायचं. कुणी फोन करून बोलावत नाही.

८. वडील हयात असतील तर

यातलं निम्मं टळू शकतं. धारकाचं वय ७० झालं, किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून त्यांना स्वतः एका वारसाचं नाव सुचवून त्याच्या नावाने परवाना मागता येतो. तेव्हा वारस दाखला लागत नाही, भावाबहिणींच्या सह्यांसाठी धावपळ होत नाही, आणि ते रिव्हॉल्व्हर कसं उघडतं, कडी कुठे अडकते, हे दाखवायला ते स्वतः समोर असतात. अर्ज त्यांच्या सहीने जातो, तुमचा ए-१ सोबत. दोघांनी एकाच दिवशी शाखेत जाऊन द्यावा, म्हणजे दोन्ही कागदांना लागोपाठचे आवक क्रमांक पडतात आणि फाइल एकत्र फिरते.